शेक, मूत्राशय आणि दाबाखालचा प्राणवायू

कर्करोगावर रेडिओथेरपी घेतलेली बाई खेड्यातून आमच्या ओपीडीत येते, तेव्हा ती रेडिओथेरपी हा शब्द वापरत नाही. ‘शेक घेतलाय’ म्हणते, नाहीतर ‘लाइट घेतलीय’. नव्या डॉक्टरला याचा उलगडा व्हायला थोडा वेळ लागतो. मला स्वतःला ‘शेक’ हा शब्द फार जवळचा वाटतो. कंबर धरली की तव्यावर तापवलेल्या फडक्याचा किंवा विटेचा शेक घरोघरी देतात. त्या ओळखीच्या शब्दात आपल्या माणसांनी कोबाल्ट आणि लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर अशी अवाढव्य यंत्रे सामावून घेतली. फरक एवढाच, की विटेचा शेक वीट उचलली की निवतो आणि हा शेक काही जणांच्या शरीरात वर्षानुवर्षे निवत नाही. ज्या विषयाच्या दारात मी वाचकांना बोलावतो आहे तो या न निवलेल्या शेकाचा आहे. रेडिएशनमुळे लघवीच्या पिशवीला होणारी इजा आणि ती भरून यावी म्हणून दाबाखाली दिलेला प्राणवायू, एवढेच त्याचे क्षेत्र.

क्षेत्र लहान आहे हे मला मान्य आहे. एवढ्याशा विषयासाठी मराठीत सबंध पुस्तक कशाला, असे वाचकांनी विचारले तर त्यात गैर काही नाही. माझे उत्तर असे, की हा आजार होतो तो कर्करोगातून वाचलेल्यांना. ज्यांच्यावरचे उपचार यशस्वी झाले, ज्यांच्या घरी पेढे वाटले गेले, त्यांच्यातल्याच काहींच्या वाट्याला तो येतो. रुग्ण वाचला की आमची फाईल बंद होते. त्याचे आयुष्य मात्र तिथून पुढे चालू होते. त्या पुढच्या आयुष्याची काळजी वाहणारी वैद्यकाची शाखा अजून तरुण आहे आणि हा विषय तिचे एक पान आहे.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध वरवरचा नाही. बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून भरलेल्या त्या नोंदींनी दाखवून दिले, की आपल्या खेड्यांतल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. त्या जिल्ह्यातल्या शेतकरी, शेतमजूर बायांनी जगाला दिलेली ही देणगी आहे. पण चाचणी घराघरात पोचेपर्यंत अनेकींचा आजार उशिराच कळतो आणि उशिरा कळलेल्या या आजारावर मुख्य उपचार शेकाचाच असतो. बाहेरून साधारण पाच आठवडे, मग आतून काही वेळा. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पुरुषांनाही ओटीपोटावर शेक घ्यावा लागतो.

इथे भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. मराठीत ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय आणि ‘लघवीची पिशवी’ म्हणजे मूत्राशय. ‘पिशवीचा कॅन्सर होता, शेक दिला, आता पिशवीतून रक्त जातंय’ असे बाईने सांगितले, तर यातली दुसरी पिशवी कोणती हे विचारल्याशिवाय कळत नाही. शब्दांचा हा घोटाळा शरीराच्या रचनेतूनच आलेला आहे. गर्भाशयाचे तोंड आणि मूत्राशयाची मागची भिंत एकमेकींना लागून असतात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या शेजारणींसारख्या. एकीच्या घरात लावलेल्या आगीची धग दुसरीला लागू नये म्हणून किरणोपचार करणारे डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ मिलिमीटरमिलिमीटरचा हिशेब करतात. तरी थोडी धग पोचतेच.

शेक घेतलेल्या बहुतेकांना पुढे हा त्रास होत नाही, हे वाचकांनी सुरुवातीलाच मनात पक्के धरावे. शेक चालू असताना लघवीला जळजळ होते, ती काही आठवड्यांत थांबते. तो वेगळा त्रास. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो उशिरा येतो. शेक संपल्यावर सहा महिन्यांनी, पाच वर्षांनी, क्वचित वीस वर्षांनी. तोवर बाईने शेकाचा कागदही कुठेतरी टाकून दिलेला असतो.

अशी एक बाई मला आठवते. शेक घेऊन नऊ वर्षे झालेली. दोन वर्षांपासून दर अर्ध्या तासाने लघवीला जावे लागे, म्हणून तिने एसटीचा प्रवास सोडला होता, नात्यातल्या लग्नांना जाणे सोडले होते. लघवीत रक्त दिसले की कोणी उष्णता म्हणे, कोणी इन्फेक्शन म्हणून गोळ्या देई. शेवटी रक्ताच्या गाठी अडकून लघवी तुंबली तेव्हा तिला आमच्याकडे आणले. अशा वेळी तीन तोंडांची नळी घालतात. एका तोंडातून सलाइन आत जाते, दुसऱ्यातून धुवण बाहेर येते आणि तिसरे तोंड आतला फुगा फुगवण्यासाठी असते. वर तीन-तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या, खाली बादली. रात्रपाळीची सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन नळीतला रंग पाही. आधी कोकमाच्या आगळासारखा, मग डाळिंबाच्या रसासारखा, पहाटे गुलाबी. सकाळी नळीतून स्वच्छ पाणी येऊ लागले, तेव्हा ती बाई म्हणाली, “आता नळी काढा, मला अंघोळ करायचीय.” चौथ्या दिवशी पुन्हा आगळाचा रंग आला.

या वारंवार परतणाऱ्या रक्तावर उपायांची रांग मोठी आहे आणि तिच्यात एक उपाय आपल्या अगदी ओळखीचा आहे, तो म्हणजे तुरटी. दाढी करताना कापले की न्हावी जी तुरटी फिरवतो, पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला जी आपण हंड्यात फिरवतो, तीच निर्जंतुक पाण्यात शेकडा एक या प्रमाणात विरघळवून मूत्राशयातून सतत वाहती ठेवतात. तिने उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे आकसतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत मात्र ती फार जपून वापरावी लागते, कारण तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम रक्तात साचू शकते. दुर्बिणीतून रक्ताच्या जागा जाळणे, रक्तवाहिनीत शिरून ती बुजवणे, मूत्राशयात फॉर्मलिन सोडणे आणि अगदी शेवटी मूत्राशय काढून लघवीला पोटावर नवी वाट करून देणे, अशी ही रांग पुढे जाते. हे सारे उपाय रक्त थांबवण्याचे आहेत. रक्त का येते या प्रश्नाला त्यांतला एकही हात घालत नाही, आणि म्हणूनच प्राणवायूचा विचार मला मोलाचा वाटतो.

रक्त का येते, ते पाहू. दुर्बिणीतून अशा मूत्राशयाच्या आत पाहिले, की निरोगी मूत्राशयाचे सुरेख गुलाबी अस्तर दिसत नाही. ते फिकट, पांढुरके झालेले असते, आणि त्यावर लाल धाग्यांसारख्या बारीक, वेड्यावाकड्या, पातळ भिंतींच्या वाहिन्यांची जाळी असते. मूत्राशय भरून जरा ताणले गेले की या वाहिन्या फुटतात. किरणांनी भिंतीतल्या लहान धमन्यांचे आतले अस्तर दुखावलेले असते. वर्षामागून वर्षे ते जाड होत जाते आणि वाट बुजवते. रक्त पोचत नाही म्हणून पेशी मरतात आणि त्यांच्या जागी ताठ तंतू येतात. मूत्राशयाची ऐसपैस पिशवी आकसून मुठीएवढी होते. अमेरिकन मुखशल्यतज्ज्ञ रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ साली, शेक घेतलेल्या जबड्याच्या हाडाविषयी लिहिताना, ही अवस्था तीन उणिवांत मांडली: वाहिन्यांची उणीव, पेशींची उणीव, प्राणवायूची उणीव. त्यांचे म्हणणे होते, की हा जंतुसंसर्गाचा आजार नसून न भरून येणाऱ्या जखमेचा आहे. जबड्यासाठी काढलेला हा नकाशा पुढे मूत्राशयालाही लागू पडला. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची कल्पना हीच आहे, आणि पुढची प्रकरणे वाचताना वाचकांनी तिचे बोट सोडू नये.

आता मनात येईल, प्राणवायूची उणीव आहे तर नाकाला नळी लावून ऑक्सिजन दिला की झाले. तसे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यात मोठी गंमत आहे. रक्तातला प्राणवायू बहुतांशी हिमोग्लोबिनवर बसून प्रवास करतो. निरोगी फुप्फुसाच्या माणसात साध्या हवेवरही हिमोग्लोबिनच्या जवळजवळ सगळ्या जागा भरलेल्या असतात. एसटी फलाटावरच भरली असेल, तर बाहेर प्रवासी कितीही वाढवले तरी बसायला जागा कुठून येणार? पण प्राणवायूचा थोडासा भाग हिमोग्लोबिनला न चिकटता रक्तद्रवात विरघळून जातो. साध्या हवेत तो नगण्य असतो, १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर. द्रवात वायू किती विरघळावा हे दाबावर अवलंबून असते. विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला हा नियम सोडावॉटरची बाटली उघडणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेला आहे. माणसाला वातावरणाच्या तिप्पट दाबात ठेवून शुद्ध प्राणवायू दिला, तर विरघळलेला भाग १०० मिलिलिटरला सुमारे ६ मिलिलिटरवर जातो. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर साधारण तेवढाच प्राणवायू रक्तातून उचलत असते.

म्हणजे हिमोग्लोबिन नसले तरी जगता येईल का? ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी हा प्रश्न नुसता विचारला नाही, तर करून पाहिला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात डुकरांच्या पिलांचे रक्त जवळपास सगळे काढून त्याजागी रक्तपेशी नसलेला द्रव भरला होता. तिप्पट दाबाखाली, शुद्ध प्राणवायूवर ती जगली आणि रक्त परत दिल्यावर पूर्ववत झाली. आधुनिक दाबवैद्यकाची ही पायाभरणी मानली जाते. जिथे रक्तपेशी पोचू शकत नाही तिथेही रक्तद्रव झिरपतो, आणि आता त्या द्रवात प्राणवायू आहे. शेकाने बुजत चाललेल्या भिंतीसाठी ही गोष्ट किती मोलाची आहे, ते सांगायला नको.

पण दीड तास प्राणवायू मिळाला आणि दाबाच्या चेंबरमधून बाहेर पडल्यावर थोड्या वेळात पातळी पुन्हा उतरली, तर कायमचा फरक कसा पडतो? वाचकांनी हा प्रश्न जरूर विचारावा. मी विद्यार्थी असताना विचारला होता. उत्तर असे, की प्राणवायू इथे अन्नासारखा कामी येतोच, पण त्याहून अधिक निरोपासारखा. इजा झालेल्या भागाचा गाभा उपाशी असतो, कडेची निरोगी ऊती भरल्या पोटी असते. शेक घेतलेल्या ऊतीत ही उतरंड इतकी संथ असते, की शरीराला जखम आहे हेच ओळखू येत नाही. दाबाखाली प्राणवायू दिला की कड आणि गाभा यांच्यातला फरक एकदम तीव्र होतो, दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि कडेकडून आत नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली किरण दिलेल्या सशांवर हे दाखवले: साध्या दाबाच्या प्राणवायूने नव्या वाहिन्या फुटल्या नाहीत, दाबाखालच्या प्राणवायूने फुटल्या. रोज एक निरोप, तीस-चाळीस दिवस. वाहिन्या वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच, शेतातल्या पिकासारखा.

मूत्राशयावरचे पहिले अहवाल १९८५च्या सुमाराचे, मोजक्या रुग्णांचे. १९९५ साली नेदरलँड्समधल्या बेव्हर्स, बाकर आणि कुर्थ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ४० रुग्णांचा अनुभव मांडला. तिप्पट दाबाखाली २० बैठका दिल्यावर ३७ जणांचे रक्त थांबले किंवा कमी झाले. २००५ साली सिअ‍ॅटलहून ६० रुग्णांचा अहवाल आला. त्यातली एक बाब मला आजही रोजच्या कामात उपयोगी पडते: एकूण ८० टक्क्यांना कमीअधिक गुण आला, पण रक्त सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांच्यात हे प्रमाण ९६ टक्के होते. आकसून ताठ झालेली ऊती परत मऊ होणे अवघड असते. शेवटचा उपाय म्हणून याच्याकडे वळणे म्हणजे या उपायावर अन्याय करणे आहे.

मात्र या अहवालांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव नॉर्डिक देशांनी भरून काढली. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांतल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी २०१२ ते २०१७ या काळात ‘रिच-आर्ट’ नावाची चाचणी केली आणि २०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ती प्रसिद्ध झाली. चिठ्ठी टाकावी तसे रुग्ण दोन गटांत वाटले. विश्लेषणात ४१ जण प्राणवायूच्या आणि ३८ जण नेहमीच्या उपचारांच्या गटात होते. प्राणवायूच्या गटाला २.४ ते २.५ पट दाबाखाली, रोज ८० ते ९० मिनिटे, अशा ३० ते ४० बैठका दिल्या. लघवीच्या त्रासाचे मोजमाप शंभरपैकी गुण देणाऱ्या प्रश्नावलीने केले. प्राणवायूच्या गटाचे गुण सरासरी १७.८ ने वाढले, दुसऱ्या गटाचे ७.७ ने. फरक सुमारे दहा गुणांचा. ज्यांना सुरुवातीला गुण आला त्यांचा तो पाच वर्षांनंतरही टिकून होता, असे पुढच्या पाठपुराव्यात आढळले.

दहा गुण म्हणजे किती? नव्या वाचकाला आकडा कोरडा वाटेल, म्हणून त्याच्याकडे कसे पाहायचे ते सांगतो. ही सरासरी आहे. तिच्यात रक्त पूर्ण थांबलेली माणसे आहेत आणि काहीच फरक न पडलेलीही आहेत. मघाशी सांगितलेल्या त्या बाईच्या भाषेत, गुण येणे म्हणजे अर्ध्या तासाऐवजी दोन तासांनी जावे लागणे, आणि दोन तासांत तिच्या गावाहून तालुक्याला एसटीने पोचता येते. नेहमीच्या उपचारांच्या गटाचेही गुण ७.७ ने वाढले होते, हे वाचकांनी नजरेआड करू नये. काळ, आशा आणि चांगली देखभाल यांनीही माणूस सुधारतो.

याच कारणाने आणखी एका चाचणीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. २०१६ साली ब्रिटनमध्ये ‘हॉट-टू’ चाचणीचे निष्कर्ष आले. शेकाने आतडे बिघडलेले ८४ जण त्यात होते. तुलनेच्या गटालाही चेंबरमध्ये बसवले, दाब थोडासाच वाढवला. आपण खऱ्या गटात आहोत की नाही हे कोणाला कळत नव्हते. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रिच-आर्टमध्ये असे लुटुपुटीचे चेंबर नव्हते, रुग्णांना आपला गट माहीत होता. मग मूत्राशयाच्या निष्कर्षावर विश्वास ठेवायचा की नाही? माझा कौल असा, की ठेवावा. रक्त येणे-थांबणे ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, ती केवळ मनाच्या समजुतीने घडत नाही, आणि वेगवेगळ्या देशांतले अनुभव एकाच दिशेने बोट दाखवतात. पण शेकाच्या प्रत्येक इजेवर हा उपाय चालतो असे म्हणण्याचा हक्क आपल्याला यातून मिळत नाही. आतड्याचा पुरावा आतड्याचा, मूत्राशयाचा मूत्राशयाचा.

आता चेंबरच्या आत चला. बाहेरून पाहिले तर एका माणसाचे चेंबर पारदर्शक, जाड नळकांड्यासारखे असते. अनेकांचे मोठे चेंबर लहानशा पाणबुडीसारखे, त्यात बाकांवर बसून मुखवट्यातून किंवा टोपासारख्या आवरणातून प्राणवायू घ्यायचा. पाणबुडीची आठवण उगीच होत नाही. ही विद्या समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या माणसांच्या आजारांतून वाढली, आणि आपल्याकडे तिची जपणूक मुख्यतः नौदलाच्या वैद्यकांनी केली. मुंबईत कुलाब्याचे आयएनएचएस अश्विनी हे त्यातले मानाचे नाव. २.४ पट दाब म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खाली असावे तसा. जुन्या मापाने सात-आठ पुरुष खोल विहिरीचा तळ म्हणा. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला कानात जी कळ येते तीच इथे येते, आणि उपायही तोच: आवंढा गिळा, जांभई द्या, नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. कान मोकळे होत नसतील तर लगेच हात वर करा. धीर धरून दुखणे सोसण्याची ही जागा नाही.

चेंबरमध्ये जाण्याआधी सिस्टर जे जे काढायला सांगते, त्यामागे धाक आहे तो आगीचा. शुद्ध प्राणवायूत ठिणगीही भडकते. १९९७ साली इटलीत मिलान शहरातल्या एका चेंबरला आग लागून आतले अकराही जण गेले. म्हणून मोबाइल, काडेपेटी, लायटर तर नाहीच, पण नायलॉनची साडी नको, केसांना खोबरेल नको, अंगाला क्रीम-पावडर नको, धातूचे काही नको. सुती झगा तेवढा चालतो. ही यादी वाचायला सोपी वाटते. पण साठीच्या बाईला मंगळसूत्र काढायला सांगणे, रोजचा तेलाचा हात डोक्यावरून फिरवू नका म्हणणे, यात किती नाजूकपणा लागतो ते चेंबरच्या दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या एका सिस्टरने यावर सुंदर तोड काढली होती. ती मंगळसूत्र स्वतःच्या हातांनी काढून रुमालात बांधी आणि चेंबरच्या काचेबाहेर, आतून दिसेल असे, स्टुलावर ठेवी.

प्राणवायूही जास्त झाला तर विष ठरतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ सालीच दाखवले होते. फार दाबाखाली तो मेंदूला चेतवून झटके आणतो. म्हणूनच दाब आणि वेळ यांना मर्यादा घातलेली असते आणि मधे काही मिनिटे साधी हवा देतात. योग्य देखरेखीत झटके क्वचितच येतात. दूरचे अंधुक दिसणे मात्र अनेकांना जाणवते. ते काही आठवड्यांत निवळते, तेवढ्यासाठी नवा चष्मा करू नये. रिच-आर्टमध्ये ४१ पैकी १७ जणांना कानाचा किंवा नजरेचा असा तात्पुरता त्रास झाला. फुप्फुसाभोवती हवा साचलेली असेल तर चेंबरमध्ये जाताच येत नाही, म्हणून आधी छातीचा एक्स-रे. मधुमेह असेल तर साखर उतरू शकते, तेव्हा उपाशीपोटी जाऊ नये. ‘प्राणवायू दिल्याने कॅन्सर पुन्हा डोके वर काढील का?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारते, आणि विचारलाच पाहिजे. आजवरचा पुरावा तसे दाखवत नाही. पण याच्या आधीची पायरी कधीही चुकवू नये: लघवीतल्या रक्ताचा दोष शेकाच्या माथी मारण्यापूर्वी दुर्बिणीने मूत्राशय पाहून जुना कर्करोग परतलेला नाही आणि नवा आलेला नाही, याची खात्री झालीच पाहिजे.

खरी अडचण वैद्यकीय नाहीच. चाळीस बैठका म्हणजे रविवार वगळून जवळपास सात आठवडे शहरात राहणे. मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. टाटा रुग्णालयात येणाऱ्या किती कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने छप्पर दिले आहे, ते मुंबईत उपचार घेतलेल्यांना ठाऊक आहे. चेंबरच्या गावी अशी जागा असेल तरच चाळीस बैठका पुऱ्या होतात. नसेल तर पंधराव्या बैठकीला माणूस घरी निघून जातो आणि ‘काही गुण आला नाही’ असे म्हणतो. उपचार सुचवताना डॉक्टरांनी राहण्याची चौकशी आधी करावी.

वाचकांना दोन गोष्टींपासून सावध करतो. तारुण्य टिकवण्यासाठी, थकवा घालवण्यासाठी म्हणून कापडी, फुगवण्याच्या चेंबरांची जाहिरात आता आपल्याही शहरांत दिसते. त्यांतला दाब साधारण १.३ पट असतो. हॉट-टू चाचणीत लुटुपुटीच्या गटाला दिला होता तेवढाच! त्याचा आणि या उपचाराचा काही संबंध नाही. आणि दुसरे, हा उपाय चमत्कार नाही म्हणून तो टाकाऊ आहे, असे मानणाऱ्या घाईपासूनही दूर राहावे. मधला रस्ता कंटाळवाणा वाटला तरी रुग्ण त्याच रस्त्याने घरी पोचतो.

इजा झालीच नाही तर बरे, या दिशेनेही काम होते आहे आणि त्यात आपला वाटा मोठा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ३०० स्त्रियांवरच्या ‘पार्सर’ चाचणीने २०२१ साली दाखवले, की प्रतिमांच्या मदतीने नेमका, वळणदार शेक दिला तर आतड्याला उशिरा होणारी इजा निम्म्याने घटते: तीन वर्षांनी ४२ टक्क्यांऐवजी २१ टक्के.

पुढची प्रकरणे वाचताना क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. तुम्ही नर्स किंवा वैद्यकाचे विद्यार्थी असाल तर जखमेच्या जीवशास्त्रापासून सुरुवात करा. घरातल्या कोणासाठी वाचत असाल तर आधी चेंबरचे प्रकरण वाचा, मग मागे या. अडलेला शब्द ओलांडून पुढे गेलात तरी चालेल.

आणि एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात कोणी कधीकाळी ओटीपोटावर शेक घेतला असेल, तर ती जुनी फाईल शोधून काढा आणि जपून ठेवा. कोणत्या साली, कुठे, किती दिवस शेक दिला ते तिच्यात लिहिलेले असते. लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी ती फाईल घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगा: “शेक घेतलाय.”